चाळीस टॅब, चार जीबी रॅम आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पंचवटीत मखमलाबाद नाक्याजवळ तुमचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीसी इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. दिवसभरात क्रोममध्ये तीस-चाळीस टॅब साठतात, दुपारनंतर मशीन रांगायला लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म अर्धा भरून दुसऱ्या टॅबवर जाऊन परत यावं, तर तो कोरा झालेला असतो. समोर दिंडोरीहून आलेलं गिऱ्हाईक उभं. तुम्ही विचारलंय की या मशीनवर जास्तीत जास्त किती टॅब चालतील, रॅम साफ करणारं एखादं सॉफ्टवेअर टाकावं का, की सरळ नवा पीसी घ्यावा.

यात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्यात, त्या आधी सुट्या करू. मशीन मंद होणं ही एक. फॉर्म कोरा होणं ही दुसरी, आणि तिचं कारण दरवेळी पहिली तक्रार असेलच असं नाही. पुढच्या वेळी फॉर्म गेला की स्क्रीनवर काय येतं ते नीट बघा. पान पुन्हा लोड झालं, लॉगिन शाबूत आहे, फक्त भरलेली माहिती गेली, तर मेमरी कमी पडल्यामुळे टॅब बंद पडला होता. पण पान थेट लॉगिनवर फेकत असेल, तर त्या संकेतस्थळानं तुमचं सत्र संपवलंय. कराची, बँकांची आणि सरकारी सेवांची पोर्टलं काही मिनिटं हालचाल दिसली नाही की सुरक्षेसाठी बाहेर काढतात. तिथे ६४ जीबी रॅम टाकली तरी काही फरक पडणार नाही. तिथे उपाय एकच. कागदपत्रं आधी गोळा करायची, स्कॅन करून ठेवायची आणि मग लॉगिन करायचं. जिथे ‘सेव्ह ड्राफ्ट’चं बटण असेल तिथे प्रत्येक पानानंतर ते दाबायचं.

आता मंदपणाकडे येऊ. किती टॅब चालतील याला एक आकडा देता येत नाही, कारण टॅब आणि टॅब सारखे नसतात. साधा मजकूर आणि चार रकाने असलेलं पान थोडक्या एमबीत भागतं. व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असेल तर ते एकटंच काहीशे एमबी धरून बसतं. कांद्याचा लासलगावचा भाव बघायला सकाळी उघडलेली आणि तशीच राहिलेली बातम्यांची साइट तर दर थोड्या वेळानं नव्या जाहिराती ओढते, मधेच व्हिडिओ सुरू करते आणि दुपारपर्यंत फुगत जाते. अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांच्या ऑफिसातली, कर सल्लागारांची मशिनं माझ्याकडे येतात, तिथे हेच दिसतं. पंचवीस टॅबवर कोणाचं सुखात चालतं, कोणाचं नऊ टॅबवर बसतं.

क्रोम इतकी मेमरी खातं याला कारण आहे, आणि ते निव्वळ आळशी प्रोग्रॅमिंग नव्हे. २००८ साली क्रोम आलं तेच टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमांत, ठेवून. एक टॅब कोसळला तरी बाकीचे जगावेत, हा त्यातला विचार. मग जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जगजाहीर झाली. एका साइटचा कोड त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटची माहिती वाचू शकेल, असा तो धोका. त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक साइट सक्तीनं वेगळ्या प्रोसेसमध्ये जाऊ लागली, आणि त्यामुळे मेमरीचा वापर १० ते १३ टक्के वाढतो असं गुगलनंच तेव्हा सांगितलं. म्हणजे एका पानात चार परक्या ठिकाणांहून जाहिराती आल्या, तर त्या एका टॅबमागे चार-पाच प्रोसेस उभ्या राहू शकतात. तुमच्या दुकानात लोकांची बँक खाती आणि आधारची कामं त्याच ब्राउझरात होतात. तेव्हा ही भिंत काढून टाकायचे जे जुगाड इंटरनेटवर सांगतात, ते करू नका.

विंडोज १०, अँटिव्हायरस, प्रिंटर-स्कॅनरची सॉफ्टवेअरं, अंगठ्याच्या मशीनची सेवा, डिजिटल सहीसाठी मागे चालणारं एमसाइनर एवढं मिळून ४ जीबीतली निम्मी जागा क्रोम उघडायच्या आधीच गेलेली असते. त्यात तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरातलंच, म्हणजे तेही रॅममधूनच वाटा घेतं. उरलेली जागा भरली की विंडोज आधी मेमरीतली जुनी पानं (म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, वेबपानं नव्हेत) दाबून लहान करतं, आणि तरी पुरलं नाही की ती हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहायला लागतं. खरी बोंब इथून सुरू होते. रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला तीच गोष्ट शोधायला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं तर हार्ड डिस्कला एका दिवसाहून जास्त लागेल. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला, याच हिशेबानं सतरा मिनिटं.

त्यामुळे टॅब मोजत बसू नका, कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा बघा. बहुतेक कॅबिनेटांना तो लाल असतो. तुम्ही काहीच करत नाही आणि तरी तो अखंड पेटलेला आहे, तर मशीन पेजफाइलमध्ये अडकलंय असं समजायला हरकत नाही. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. मेमरी नव्वदच्या वर आणि डिस्क शंभर टक्के हे दोन्ही एकाच वेळी दिसत असेल तर शंका नको. मेमरी साठ टक्के आणि डिस्क शंभर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मागे विंडोज अपडेट चाललंय, अँटिव्हायरस तपासणी करतोय, किंवा हार्ड डिस्कच मरायला टेकलीय. तेव्हा टॅब बंद करून काही हाती लागणार नाही. डेटाची प्रत आधी काढा.

मेमरीच भरतेय असं ठरलं की खाणारा कोण ते शोधायचं. क्रोम समोर असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो. ‘मेमरी फुटप्रिंट’ या मथळ्यावर टिचकी मारली की सगळ्यात जास्त खाणारं वर येतं. तिथे टॅबांबरोबर एक्स्टेन्शनंही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) दिसतात आणि ‘सबफ्रेम’ अशा ओळीही दिसतात. त्या म्हणजे वर सांगितलेल्या जाहिराती आणि परके तुकडे. दुपारी चारच्या सुमारास, मशीन रांगत असताना हे करा. सकाळी सगळंच शहाण्यासारखं वागतं.

माझा अंदाज सांगतो. यादीत वरती व्हॉट्सॲप वेब, बातम्यांची साइट आणि कधीकाळी टाकलेलं एखादं पीडीएफचं किंवा कूपनचं एक्स्टेन्शन निघेल. एक्स्टेन्शनांबद्दल मी कडक आहे. जे गेल्या महिन्यात वापरलं नाही ते काढून टाका. अपवाद जाहिराती अडवणाऱ्याचा, कारण तो स्वतः थोडी मेमरी घेतो आणि सबफ्रेमच्या रूपानं बरीच वाचवतो. क्रोमवर सध्या यूब्लॉक ओरिजिनची लाइट आवृत्ती चालते, पूर्ण आवृत्ती फायरफॉक्सवर. फक्त पैसे भरायच्या आणि सरकारी पानांवर तो बंद ठेवा, नाहीतर पेमेंटची खिडकीच कधी कधी उघडत नाही.

तुमच्या धंद्यात आणखी एक खाणारा असतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे स्कॅन आणि फोटो. गिऱ्हाईक मोबाइलवरून १२ मेगापिक्सेलचा फोटो पाठवतं. फाइल तीन एमबीची दिसते. पण ती पूर्ण आकारात पडद्यावर दाखवायची तर उलगडावी लागते. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू, प्रत्येकाला ४ बाइट, झाले ४ कोटी ८० लाख बाइट. एका फोटोला ४५ एमबीच्या वर! ए-फोर कागद ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केला तर याच हिशेबानं एका पानाला ३३ एमबी, ६०० डीपीआयला त्याच्या चौपट. रेशनकार्ड, टीसी, लाइटबिल, आधार असं एकेक टॅबमध्ये उघडून ठेवलं की कुठे गेली मेमरी ते कळतं. बऱ्याच फॉर्मना शेवटी काही केबीतलीच फाइल लागते. १५० डीपीआयवर स्कॅन करा, बारीक अक्षर असेल तरच २००. आणि कागद तपासायचा तर ब्राउझरात न उघडता विंडोजच्या साध्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा आणि लगेच बंद करा.

यानंतर टॅब झोपवणं. २०२२च्या डिसेंबरपासून क्रोममध्येच ‘मेमरी सेव्हर’ आहे. सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली मिळेल. बराच वेळ न पाहिलेला टॅब तो मेमरीतून काढून टाकतो. वरची पट्टी तशीच राहते, टिचकी मारली की पान पुन्हा लोड होतं. अर्धा भरलेला फॉर्म, चालू डाउनलोड, वाजणारा आवाज, पिन केलेला टॅब असं काही असेल तर क्रोम सहसा त्या टॅबला हात लावत नाही. पण ‘सहसा’वर दुकान चालवू नये. त्याच पानावर ‘ऑल्वेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह’ अशी यादी आहे. तुम्ही ज्या चार-पाच पोर्टलांवर फॉर्म भरता त्यांचे पत्ते तिथे घाला आणि मग मेमरी सेव्हर ‘मॅक्सिमम’वर टाका. म्हणजे बातम्या आणि यूट्यूब झोपेल, दाखल्याचा फॉर्म जागा राहील. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ नावानं जवळपास हीच सोय आहे. फायरफॉक्समध्ये विंडोजची मेमरी संपत आली की जुने टॅब आपोआप उतरवले जातात, आणि ब्राउझर बंद करून उघडला तर जुने टॅब तुम्ही टिचकी मारेपर्यंत लोडच होत नाहीत. कमी रॅमवर मला फायरफॉक्स याच कारणासाठी आवडतो. तरी तुम्हाला तो मुख्य ब्राउझर म्हणून सुचवणार नाही, कारण तुमची काही पोर्टलं क्रोम किंवा एजच मागतात, आणि दोन ब्राउझर एकदम उघडे ठेवणं हे चार जीबीवर सगळ्यात महाग पडतं. कोणताही घ्या, पण एक वेळी एकच.

यासाठी बाहेरचं एक्स्टेन्शन मात्र नको. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं फार लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, मीही लोकांच्या मशीनवर ते बघायचो. २०२०मध्ये ते मूळ माणसाच्या हातून दुसऱ्याच कोणाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गुगलनं त्यात घातक कोड असल्याचं सांगून काढून टाकलं. सगळे टॅब वाचायची परवानगी असलेली गोष्ट आधारचे आणि बँकेचे व्यवहार चालणाऱ्या मशीनवर कशाला हवी?

रॅम साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. ते चालू प्रोग्रॅमांची मेमरीतली पानं जबरदस्तीनं रॅमबाहेर ढकलतं, आकडा ८५वरून ४०वर येतो, बघून बरं वाटतं. मग तुम्ही टॅबवर परत जाता आणि तीच पानं हार्ड डिस्कवरून ओढून आणावी लागतात. लाल दिवा पुन्हा सुरू. ज्या गोष्टीपासून सुटायचं, तीच हे सॉफ्टवेअर मुद्दाम घडवून आणतं. असाच दुसरा सल्ला म्हणजे पेजफाइल बंद करा. ४ जीबीवर ती बंद केलीत तर मशीन मंद होण्याऐवजी टॅब थेट कोसळायला लागतील.

चाळीस टॅब मुळात साठतात का, हेही बघावं लागेल. बहुतेक दुकानांत टॅब ही आठवणीची वही झालेली असते. अमक्याचा फॉर्म अडलाय, तमक्याची पावती काढायचीय, म्हणून टॅब उघडा. त्यासाठी वही वापरा, खरोखरची. अर्ज क्रमांक, मोबाइल नंबर, काय राहिलंय. टॅब बंद. रोजची पोर्टलं बुकमार्कच्या पट्टीवर ठेवा. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम इन्कॉग्निटो खिडकीत करा. काम झालं की ती खिडकीच बंद करायची. मेमरी मोकळी होते आणि त्याचं लॉगिनही तुमच्या मशीनवर राहत नाही. जून-जुलैत प्रवेशाच्या गर्दीत हे फार कामाला येतं. एक खाचखळगा लक्षात ठेवा. क्रोममध्ये उघड्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या एकच सत्र वापरतात. म्हणून एकाच पोर्टलवर दोन गिऱ्हाइकांची लॉगिनं दोन इन्कॉग्निटो खिडक्यांत एकदम चालवायला गेलात तर एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यावर जायचा गोंधळ होऊ शकतो. एक पूर्ण बंद करून मगच दुसरं.

तीन किरकोळ गोष्टी. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवायचा पर्याय असतो, तो काढा. एजचा ‘स्टार्टअप बूस्ट’ही काढा. दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा.

हे सगळं करूनही लाल दिवा थांबला नाही, तर पैसे खर्च करावे लागतील. पण नवा पीसी लगेच नको. रॅम आधी की एसएसडी आधी, यावर दुकानदारांत भांडणं होतात. एसएसडीनं मशीन चटकन सुरू होतं, सगळं चपळ वाटतं, आणि ज्याचं काम दोन-चार टॅबचं आहे त्याला मी तीच आधी सुचवतो. तुमची अडचण वेगळी आहे. तुमची मेमरी खरोखर अपुरी पडतेय. एसएसडी लावून पेजफाइल वेगवान होईल, पण फॉर्म उडणं पूर्ण थांबणार नाही. म्हणून तुम्हाला आधी ८ जीबी रॅम, मग सवडीनं लहान एसएसडी. जुनी हार्ड डिस्क फायली ठेवायला तशीच आत राहू द्या. लॅपटॉप असता आणि रॅम मदरबोर्डालाच चिकटवलेली असती तर मीच उलटा क्रम सांगितला असता.

खरेदीआधी विंडोज ६४ बिटचं आहे का ते बघा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’, ‘अबाउट’, तिथे ‘सिस्टम टाइप’. ३२ बिट असेल तर त्याला ४ जीबीच्या पलीकडचं दिसतच नाही, नवी पट्टी वाया जाईल. आधी ६४ बिट विंडोज नव्यानं टाकावं लागेल, कारण ३२चं ६४ वरच्यावर करता येत नाही.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर सांगतो. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि चौथ्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही. ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घरगुती वापराच्या मशीनला ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. म्हणजे या पीसीवर फार मोठा खर्च करण्यात अर्थ नाही, रॅम आणि लहान एसएसडी एवढीच मर्यादा ठेवा. एसएसडी पुढच्या मशीनला लागेल, रॅम मात्र लागणार नाही. घरच्या जुन्या मशीनवर मी बिनधास्त लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकून देतो, पण अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सही ज्या टेबलावर लागते तिथे तो प्रयोग करू नका.

रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी काढून बरोबर न्या. तुमच्या पिढीच्या बोर्डाला डीडीआर-थ्री लागते. डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. रॅमसाठी दोन स्लॉट असलेला बोर्ड असेल तर जुनीसारखीच ४ जीबीची दुसरी पट्टी घ्या, दोन्ही मिळून वेगही थोडा सुधारतो. स्वस्तात ८ जीबीची एकच डीडीआर-थ्री पट्टी कोणी देऊ केली तर तिच्यावर किंवा खोक्यावर ‘एएमडी’ लिहिलंय का बघा. तसल्या पट्ट्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत, आणि परत घ्यायला दुकानदार कुरकुरतो. बसवताना वीज बंद करून वायर काढा, पट्टीच्या टोकाचे दोन्ही खटके वाजेपर्यंत दाबा. चालू केल्यावर स्क्रीन काळी आणि बीप-बीप आलं तर घाबरू नका. पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबरानं पुसा, फुंकर न मारता कोरड्या ब्रशनं झाडा आणि पुन्हा बसवा. जुन्या बोर्डावर बहुतेक वेळा तेवढ्यानंच सुरू होतं.